बापूरावांच्या हयातीपर्यंत

मी, शांतवन याकोब रणपिसे, वय ७४, सेवानिवृत्त फिटर, राहणार येरवडा, पुणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. शरीर मात्र ठीक नाही. यकृताचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी औषधे बदलणे आता थांबवले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी राहती सदनिका माझी एकुलती मुलगी निकिता, राहणार वाघोली, हिला देतो. अट अशी की मागच्या खोलीत असलेले श्री. बापूराव ढवळे हयात असेपर्यंत त्यांना तेथून हलवू नये व सदनिका विकू नये.

बापूराव माझे नातेवाईक नाहीत, मित्रही नव्हते. ते वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. त्यांच्या मोरीचे पाणी माझ्या भिंतीत उतरे, त्यावरून आमचे अनेकदा वाजले. पत्नी शर्मिला गेल्यावर मी भांडणेही सोडली. चर्च सोडले. कडी लावून टीव्हीसमोर बसायचो; कोण जगले, कोण मेले, काही वाटत नसे.

एका दुपारी छतातून धार लागली म्हणून तावातावाने वर गेलो. बापूराव मोरीत पडले होते, अर्धे अंग गेलेले, नळ चालू. दारात शेजारी उभे होते. सोसायटीचे सेक्रेटरी संजय शेलार म्हणाले, "अहो रणपिसे, हात लावू नका. पोलिसांचं लफडं होईल." बापूरावांचा एक डोळा माझ्याकडे लागला होता. मी नळ बंद केला आणि त्यांना उचलले.

त्यांचा मुलगा राकेश फोनवर म्हणाला, "काका, मी लांब आहे. तुम्हीच बघा काय ते." पुढे त्याने नंबर बदलला. घरमालकाने खोली दुसऱ्याला दिली. वृद्धाश्रमाला नातेवाइकाची सही हवी होती. म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणले. मदत मागायला पुन्हा चर्चमध्ये गेलो. मंडळींनी त्यांच्यासाठी कळकळीने प्रार्थना केली. पाळीने येऊन बसाल का, असे मी विचारले, तेव्हा आणखी एक प्रार्थना केली.

२. बँकेतील शिल्लक बापूरावांच्या औषधपाण्यासाठी वापरावी. उरल्यास निकिताची.

३. त्यांची कूस वरचेवर बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. पेज पातळ द्यावी. ते शिव्या देतात. तेवढेच शब्द उरले आहेत, मनावर घेऊ नये. आभार मानणार नाहीत. मला ओळखतात की नाही, हेही सांगता येत नाही. "पप्पा, तुम्हाला त्यांच्यात प्रभू दिसतो का?" असे निकिताने रागाने विचारले होते. नाही दिसत. बापूरावच दिसतात. तरी पाठ पुसावी लागते.

४. संजय शेलार यांनी आमच्या घरातल्या वासाबद्दल फलकावर नोटीस लावली होती. त्यांना मी क्षमा केली आहे. खांदा द्यायला ते आले नाहीत तरी चालेल.

५. माझी हत्यारे समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्या उत्तरेश्वरला द्यायची होती. बापूरावांना खाली आणताना त्याने एकट्याने हात लावला. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि इमारतीतले कोणी सही करीना; म्हातारा आपल्या गळ्यात पडेल, असे त्यांना वाटते. म्हणून साक्षीदार उत्तरेश्वरच. हत्यारे विकावीत.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निकिताने करावी. कायद्याने बापूरावांची खोली राखता येईल. रोज त्यांची कूस बदलायला कायदा येणार नाही, हे मी जाणतो. मला फारशी आशा नाही.

मसुदा तिला काल वाचायला दिला. तिने विचारले, "आणि मी नाही म्हटलं तर?" मी म्हणालो, "तर ते मरतील." ती उठली. चपला घालून पुन्हा मागे आली, त्यांच्या खोलीच्या दारात थोडा वेळ उभी राहिली. आत गेली नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

(सही) शांतवन याकोब रणपिसे

साक्षीदार:
१. उत्तरेश्वर माने, सायकल दुरुस्ती, येरवडा (सही)
२. डॉ. दीपाली साठे, उपचार करणाऱ्या डॉक्टर (सही)

ठिकाण: येरवडा, पुणे
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५