मधल्या थरातली साडी

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी सहा. आइंडहोव्हनला अंधार, तळवड्यात साडेदहा. चहा घेऊन दुकान उघडलं, म्हणजे लॅपटॉप उघडला. शटरचा आवाज नाही, उदबत्ती नाही. बायको, वै., ऑफिसला निघताना म्हणाली, "निदान त्या लॅपटॉपला तरी हात जोड."

एकच निरोप होता. "गोधडी मिळाली. शिवण सुंदर आहे. माझ्या आईची साडी कुठे आहे?"

ऑर्डर शोधली. मेघना, ताथवडे. डिसेंबरात एकच साडी पाठवली होती. सुती, निळी, बारीक पांढऱ्या चौकडीची. त्यांची आई वर्षभरापूर्वी गेली. आपल्या दुकानाचा सगळा कारभार हाच. लोक घरातल्या जुन्या साड्या पाठवतात, तळवड्याच्या गाळ्यात सुनंदाताई आणि त्यांच्या हाताखालच्या पाच बायका त्या साड्यांच्या गोधड्या हातांनी शिवतात, पार्सल परत जातं. मध्ये मी. मध्ये म्हणजे बराच बाजूला.

मेघनाबाईंनी फोटो जोडलाय. गोधडी लाल आणि पिवळी. निळं सूतभरही नाही.

ताईंना तीनदा फोन. उचलला नाही. उद्या भोगी, बाजारात असतील.

१३ जाने., मंगळ

सापडल्या. व्हिडिओवर. ताई फोन मांडीवर उताणा ठेवून बोलतात, त्यामुळे दोन वर्षं मी त्यांच्या गाळ्याचे पत्रेच पाहतो आहे. पूर्वी तिथे त्यांचा गोठा होता. आता डावीकडे लेथ, उजवीकडे प्रेस मशीन, मधोमध गोधड्या. पत्र्याला एक भोक आहे, त्यातून ऊन येतं. त्या भोकाचा मी जाणकार झालो आहे.

"ताई, ती निळी साडी. ताथवड्याच्या मॅडमची."

"व्हय. शिवून गेली पन."

"त्यांना ती दिसत नाही."

"दिसंल कशी? आत हाय."

"आत म्हणजे?"

"मधल्या थरात. आईचं लुगडं हाय सर ते. वर घातलं तर दोन वर्सांत चिंध्या. लोक लोळनार, धुनार, पोरं नाचनार. आत घातलं की जल्मभर ऊब. वरनं चांगलं नवं कापड लावलं. चपाती पन घातली."

चपाती म्हणजे त्यांच्या घरची रीत. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना त्यात चपातीचा तुकडा ठेवायचा. उपाशी गोधडी ऊब देत नाही. (एका गिऱ्हाइकाने मुंग्यांची तक्रार केली होती. मी उत्तरात 'परंपरा' हा शब्द तीनदा वापरला.)

ताईंच्या सासूने शिकवलं ते असं. सगळ्यांत जिवाचं कापड मधे. आजवर कुणाला खुपलं नाही, कारण लोक गाठोडंभर साड्या पाठवतात, काही वर येतात, काही आत. एकच साडी पाठवणारी ही पहिली.

१४ जाने., बुध. संक्रांत

मेघनाबाईंना सविस्तर लिहिलं. परंपरा हा शब्द एकदाच.

उत्तर: "आत आहे हे मी कसं मानू? मला ती बघायची होती. रोज. म्हणून दिली होती."

बरोबर आहे. ताईंचंही बरोबर आहे. बावीस वर्षं चिंचवडच्या शाळेत संस्कृत शिकवलं, दोन्ही पक्ष खरे असले की काय करायचं हे कोणत्याच इयत्तेला नव्हतं.

संध्याकाळी वै.ने तिळाची वडी दिली. साच्यातून काढताना तुटलेली. "गोड बोल," म्हणाली. दिवसभर गोडच बोलतोय.

१५ जाने., गुरु

एक तारा. ज्या साइटवर आपलं दुकान आहे तिथे, सगळ्यांना दिसेल असा. "आईची साडी ठेवून घेतली आणि दुसऱ्याच कापडाची गोधडी पाठवली. विश्वासाने काही देऊ नका."

साइटवाल्यांना लिहिलं. चौदा सेकंदांत उत्तर आलं की माझा निरोप त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.

दुपारी ताईंचा फोन. पत्रे. भोक. आवाज वेगळा.

"सर, चोर लिवलंय व्हय आमाला?"

"चोर असं नाही लिहिलेलं."

"आपल्यातल्या शकूच्या सुनेनं वाचून दाखवलं समद्यांपुढं. ठेवून घेतली म्हंजे काय मग? शेजारचा लेथवाला इचारतोय, ताई, साडी कवा नेसनार?"

मागे सुयांचा काही आवाज नसतो तसा आजही नव्हता. पण बायकांची बडबडही नव्हती. घरी गेल्या म्हणे. फळीवर नऊ गाठोडी पडून आहेत, नऊ घरांतली. ताई म्हणाल्या, "आता कुनाच्या आईला हात लावायचा न्हाई."

१७ जाने., शनि

माझाच डिसेंबरातला निरोप पुन्हा ऐकला. रोज सकाळी मी ऑर्डरी बोलून पाठवतो, ताई त्या सुई ओवता ओवता ऐकतात. माझा आवाज, वर्गात असायचा तसा. "ताथवड्याची एक साडी येईल. आईची आहे. फार सांभाळून."

बस. एवढंच. फॉर्मवर 'वरच्या बाजूला कोणतं कापड हवं' असा रकाना आहे. मेघनाबाईंनी त्यात लिहिलंय: आईची साडी, दुसरं काय? मी तो रकाना वाचलाच नाही मोठ्याने. उघड आहे असं वाटलं. वाक्यात नसलेला शब्द मागच्या वाक्यातून आणून धरायचा, हे मी मुलांना शिकवायचो. ताईंनी धरला. त्यांच्या मागच्या वाक्यातून.

ताबडतोब फोन केला. "ताई, चूक माझी. मी सांगायला हवं होतं की साडी वर घ्या."

पत्रे हलले. ताईंनी मांडी बदलली असावी.

"सर, तुमी सांगितलं आसतं तरी मी आतच घातली आसती."

"पण त्यांनी लिहून दिलं होतं."

"त्या पोरीला काय कळतंय? आई गेल्यावर मानूस कायबी लिवतं."

म्हणजे अपराधही माझ्या वाट्याला येऊ देत नाहीत. इथे व्हिसावर मी 'आश्रित' आहे. वै.च्या कंपनीने तिला चाकणहून तीन वर्षांसाठी इकडे धाडलं, मी तिच्या सामानाबरोबर. संस्कृतात याला अव्यय म्हणतात. लिंग, वचन, विभक्ती, कशानेही फरक पडत नाही.

१८ जाने., रवि

वै.ला सगळं सांगितलं. इंजिनिअर. तिने कांदा चिरता चिरता विचार केला. "आम्ही पार्ट फोडत नाही. स्कॅन करतो. गोधडी उन्हात खिडकीशी धरायला सांग."

सांगितलं. मेघनाबाईंनी धरली, फोटोही पाठवला. मधे कुठे तरी काळपट सावली. निळी म्हणा, हिरवी म्हणा, ढग म्हणा.

"वरचं कापड दाट आहे," त्यांनी लिहिलं.

ताईंनी चांगल्यातलं लावलं होतं. चांगुलपणाचा इथेही अडथळा.

१९ जाने., सोम

उरला एकच उपाय. एक बाजू उसवायची.

आधी ताईंना विचारलं. पार्सल परत मागवू, तुम्ही चार बोटं उसवा, मी फोटो पाठवतो.

"भरल्या गोधडीला आमी कात्री लावत न्हाई. शिवनारनीनं तर लावायचीच न्हाई."

"ताई, नाव जातंय तुमचं."

"जाऊ द्या. नाव गेलं म्हनून रीत सोडू?"

मग मेघनाबाईंना लिहिलं. तुम्हीच उसवून बघा. रात्रीपर्यंत उत्तर आलेलं नाही. ('लिहीत आहे' असं चारदा दिसलं आणि चारदा गेलं.)

२० जाने., मंगळ

आलं.

"आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. शेवटच्या दिवशी ड्यूटीला तीच साडी नेसून गेली होती. उसवली आणि आत नसली तर? आत्ता निदान तुम्ही म्हणता की आहे."

चहा निवला.

तळवडे ते ताथवडे रिक्षाने पाऊण तास. रहदारी असली तर सव्वा. या दोघी एकाच हवेत श्वास घेतात, एकाच सकाळी भाजीवाल्याशी हुज्जत घालतात, आणि एकमेकींशी बोलायला माझ्यामार्फत हॉलंडला येऊन जातात.

मेघनाबाईंना लिहिलं: गाळ्यावर जाऊन एकदा ताईंना भेटा. "मी कशाला त्यांच्या दारात जाऊ?"

ताईंना म्हटलं: तुम्ही जाऊन या. "मी कशाला जाऊ? जो खोटा, त्यानं जावं."

२२ जाने., गुरु

बायका अजून आलेल्या नाहीत. ताई एकट्या गाळ्यात बसून असतात. फोन केला की पहिल्या रिंगला उचलतात, हे वाईट लक्षण.

आज स्वतःहून बोलल्या. "डोळ्यापुढनं जात न्हाई ती साडी. पदराला इस्त्रीचा डाग व्हता. पानायवढा. रफू केल्यालं, तांबड्या दोऱ्यानं. निळा गावला नसंल बाईला. रफू मातूर असं की मी दोनदा हात फिरवला."

तसंच्या तसं मेघनाबाईंना लिहिलं. तांबडा दोरासुद्धा.

रात्रीच्या जेवणाआधी उत्तर आलं. "तो डाग मी फॉर्मवर लिहिला नव्हता."

मी उठून उभा राहिलो. वै. म्हणाली, "काय झालं, निकाल लागला?"

मागोमाग दुसरं: "म्हणजे त्यांनी साडी नीट पाहिली होती. ती आत आहे हे त्याने सिद्ध होत नाही."

बसलो. बाई तर्कशास्त्रात पास. माझ्याकडे शब्द आहे, अनुमानही आहे. त्यांना प्रत्यक्ष हवंय. प्रत्यक्ष तिकडेच पडून आहे, त्यांच्याच पलंगावर.

२४ जाने., शनि

दोन दिवस दोन्हीकडून काही नाही. मी एक लांबलचक क्षमापत्र लिहिलं, वाचलं, त्यात चार समास सापडले, पुसलं.

काय वाटलं कोण जाणे, मेघनाबाईंनी संध्याकाळी एक ओळ पाठवली. "त्या बाईंनी रफूवर दोनदा हात का फिरवला, विचाराल?"

विचारलं.

ताई म्हणाल्या, "माझी आई बी मिळंल त्या दोऱ्यानं रफू करायची."

हे लिहून पाठवलं. आणखी काही जोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

उत्तर नाही. एक तारा अजून जागेवर आहे. आताच बघितला.

२५ जाने., रवि

सकाळी पावणेसातला ताईंचाच फोन. पत्रे नाहीत. आकाश, विजेच्या तारा, कुणाचा तरी खांदा.

"सर, रिक्षात हाय मी."

"कुठे निघालात?"

"ताथवड्याला."

"ताई, पत्ता? गिऱ्हाइकाचा पत्ता असा आपल्याला…"

"पार्सल मीच बांधलं की. पत्ता माझ्याच हातानं चिकटवलाय."

नियमाप्रमाणे मी थांबवायला हवं होतं. "पण त्यांना विचारलंत का?"

"आजून किती इचारायचं? दोन आठवडं इचारताय तुमी समद्यांना."

तेही खरं.

"कात्री घेतलीत?" मी विचारलं.

"न्हाई. सांगितलं न्हवं, आमी लावत न्हाई. उसवायची तर त्या पोरीनं उसवावी, तिच्या आईची हाय. न्हाई उसवली तर चहा पिऊन येते. सुई घेतलीय. दोरा घेतलाय. आन् डब्यात चपाती."

"डबा कशाला?"

"उसवल्यावर कोपरा रिकामा व्हनार न्हाई का?"

रिक्षा खड्ड्यात आपटली, आकाश गेलं.

मेघनाबाईंना कळवावं की नाही, यात दहा मिनिटं गेली. लिहिलं: "सुनंदाताई येत आहेत." दोन खुणा निळ्या झाल्या. काही आलं नाही. येऊ नका म्हणाल्या नाहीत, एवढं. बाई आज घरी नसल्या तर? दारातूनच… वै. उठली, माझ्याकडे बघून चहा ठेवला.

साडेसात. ताईंचा निरोप, बोललेला, तीन शब्दांचा. "पोचले. लिफ्ट हाय."

पावणेआठ. व्हिडिओ कॉल. चुकून लागला असणार. उचलला. पांढरं छत, तीन पात्यांचा पंखा, बंद. फोन बहुधा पलंगावर, कदाचित गोधडीवरच. मी "ताई, ताई" केलं. कुणाला ऐकू गेलं नाही.

एक आवाज म्हणत होता, "बसा ना. खाली नको, वर बसा."

"हितंच बरं हाय."

मग कापडाची सळसळ. छत जरा हललं आणि तिरपं झालं. कपाट उघडल्यासारखं काही. ड्रॉवर. शोधाशोध. खालच्या रस्त्यावर टेम्पो मागे घेताना वाजतो तसं वाजत होतं, ते थांबलं.

"इथून?"

"व्हय. टाका मोठा हाय तितनं. हळू."

टाके उसवल्याचा आवाज कसा असतो हे मला माहीत नाही. दोन वर्षं गोधड्यांचं दुकान चालवतोय. जे ऐकू आलं ते तेच असावं. एक. एक. मग एक. वै. माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली, हातात दोन कप.

थांबलं.

पंखा जिथल्या तिथे. नाक ओढल्याचा आवाज आला, कुणाचं ते कळलं नाही. ते सर्दीनेही येतं.

"पाणी देऊ?" कुणी तरी विचारलं. आवाज इतका बसलेला की दोघींपैकी कुणाचा ते मी सांगू शकत नाही.

आणि कॉल गेला.

वै. म्हणाली, "लाव ना परत."

आठ वाजून दहा मिनिटं. लावलेला नाही.