फाटकाचा उरलेला रंग

ता. ३ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर निम्मं बोलणं मागून तुझे यजमानच करतात. गाडीचे पुढचे दिवे मंद झाले म्हणून त्यांनी बल्ब बदलले, फरक पडेना म्हणून आणखी महागाचे आणून बदलले. वा! स्वयंपाक करपला की ताटं बदलायची, त्यातली गत. सगळं वायरिंगच काढा म्हणणारा तो मेकॅनिक तर थोरच. त्याला आजार कळला नाही, म्हणून रोगी बदलायला निघालाय.

आणि आता गाडी म्हातारी झाली म्हणून येता सोडून पुढच्या रविवारी गिऱ्हाईक? गाडी गेली की तुझी दवाखान्यातली संध्याकाळची पाळी गेली, हे त्यांना कळत नाही, की चांगलंच कळतं?

अंधारू लागलं की गाडी भिंतीसमोर उभी कर. दिवे लाव, मग इंडिकेटर दे. दिवे त्याच तालावर मिचमिचतात का, ते बघ. दिसेल ते लिही. यजमानांचं मत नको, ते माझ्याकडे भरपूर साठलंय.

माया आहेच, अक्षर तेवढं सुधार.
तुझा दादा

ता. ७ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मिचमिचतात. इंडिकेटर लागला की दोन्ही दिवे मान टाकतात, पुन्हा उचलतात. हे म्हणाले, भिंतीकडे बघून रोग ओळखणारा वैद्य आजच पाहिला. परवा घरी येताना रस्त्यातला खडीचा ढीग जेमतेम चुकवला. ते यांना सांगितलेलं नाही, नाहीतर रविवारचा शुक्रवार करतील.

गाडीला जुनाट मात्र म्हणू नकोस हं. फाटकाचा हिरवा रंग उरला होता, तो यांनी गेल्या महिन्यात बॉनेटच्या आतही दिला. एकेक बोल्ट सोडवून, तारा बाजूला करून, पार खालपर्यंत. तुझ्यापेक्षा नेटकं काम आहे.

वहिनीला नमस्कार. चिडलास तरी लिहीत जा.
तुझी धाकटी

ता. १० मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

रंग! बॉनेटच्या आत! गाढवाने गोंधळ घालावा तोही ब्रश धुऊन, नेटकेपणाने?

नीट वाच. दिव्याची एक तार गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. वीज त्या पत्र्यातून परत जाते. तारेच्या टोकाच्या चकतीखाली पत्रा उघडा हवा. तिथे तुझ्या चित्रकाराने हिरवा थर चढवलाय, म्हणजे परतीची वाटच लिंपली. मग बल्ब सूर्याएवढा आणा, मिणमिणणारच. मी हे कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही, उघडून शिकलो. उघडताना हातात ब्रश नव्हता, एवढाच फरक.

आधी बॅटरीची तार सोडवायची, बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, आवळायचा, वरून ग्रीस. पण तू हात लावू नकोस. हे तुझ्यासारखीचं काम नव्हे. मी पुढच्या आठवड्यात येतो, तोवर गिऱ्हाईकाला थोपव.

तुझ्यावर लोभ आहे, तुझ्या घरातल्या ब्रशवर नाही.
दादा

ता. १४ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. गिऱ्हाईक रविवारचं, आणि तू पुढच्या आठवड्याचा. पाना यांच्याच पेटीतून घेतला. हे दारातून सांगत होते, हात लावू नकोस, तुला जमायचं नाही. तुझं पत्र शेजारी उघडं होतं, त्यातही तेच.

जमलं. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक फाटकातून आत शिरलं आणि मी दिवे लावले. बिचारा डोळ्यांवर हात धरून जागीच थांबला. यांनी लगेच गाडीची किंमत वाढवून सांगितली, वर म्हणाले, बघा, मी आणलेले बल्ब! मी गिऱ्हाईकाला चहा दिला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्याच गाडीने पाळीवर गेले.

या आठवड्यात जेवायला ये, हत्यारं घरी ठेवून. तुम्हा दोघांत फरक एवढाच, की तुझं निदान बरोबर निघालं.

तरीही तुझीच,
धाकटी