फिरायला आलेला माणूस

३ मार्च, मंगळवार

संध्याकाळच्या बसने एक माणूस उतरला आणि सरळ आमच्या लॉजवर आला. खांद्याला पिशवी, डोक्याला टोपी. किती दिवस राहणार? — "बघू, आवडेल तितके." काम काय? — "काही नाही हो. फिरायला आलोय."

फिरायला! इथे!

या गावात माणूस येतो तो कोर्टाच्या तारखेला, नाहीतर कोणी गेलं म्हणून, नाहीतर पुढची बस चुकली म्हणून. हे गेल्यापासून मी एकटी लॉज चालवतेय. नुसतं फिरायला आलेलं माणूस म्हणून पाहिलेलं नाही. ना डोंगर, ना समुद्र. बटणांचा कारखाना आहे, तोही बंद पडलेला. कुठेतरी पाणी मुरतंय.

४ मार्च

समोरच्या न्हाव्याने सकाळीच विचारलं, "काय काकू, गिऱ्हाईक कुठलं?" म्हटलं, फिरायला आलंय. तो जो हसत सुटला! खुर्चीतल्या माणसाचा अर्धा गाल तसाच फेसात.

दिवसभर नजर ठेवली. हे गृहस्थ सारखे आमच्या लाकडी जिन्यावरून वर-खाली. कठड्यावरून हात काय फिरवतात, पायरीवर टाच आपटून काय बघतात! लाकूड कुठलं? बांधला कधी? शेवटी विचारलंच, जिन्यात एवढं आहे तरी काय? तर म्हणे, "जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आता जिथे लिफ्ट नाही अशी गावं बघत हिंडतो."

थाप मारावी माणसाने, पण जरा पचेल अशी तरी!

५ मार्च

डोक्यात प्रकाश पडला. भावजी! माझे धाकटे दीर!

लॉज निम्मं त्यांचं, निम्मं यांचं — म्हणजे आता माझं. त्यांना विकायचंय आणि माझ्या सहीवाचून अडलंय. गेल्या खेपेला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वहिनी, नुसता फिरायला म्हणून एक माणूस इथे राहिलेला दाखवा, विकायचं नाव काढणार नाही." मीही तोऱ्यात म्हटलं होतं, येईल. आणि लगेच आला? एवढं कुठलं आमचं नशीब! इमारतीची किंमत काढायला पाठवलाय त्याला. सरळ पाठवला असता तर मी उंबऱ्यावरूनच परत लावला असता, म्हणून हे सोंग. मी हुरळून जाईन, आला गं बाई एकदाचा म्हणेन आणि खोली न् खोली उघडून दाखवेन, असा हिशेब! यांच्यापेक्षा धाकटे, पण डोकं पहिल्यापासून तिरकंच चालतं.

६ मार्च

भाजीची पिशवी घेऊन त्याच्या मागे मागे गेले. कारखान्याच्या पडक्या भिंतीवर बसला होता. फोटो काढत नव्हता, कागदावर काही लिहीत नव्हता. मातीतून बटणं वेचून गुडघ्यावर मांडत होता. साठी उलटलेला माणूस!

मी दिसले. लपणार कुठे? "या ना," म्हणाला. "गेल्या वर्षी एका मोठ्या नावाच्या ठिकाणी गेलो होतो. दिवसभर रांगेत उभा राहून पुढच्या माणसाची पाठ बघून आलो. इथे बघा, सगळं आपल्यालाच!" म्हटलं, पण इथे बघण्यासारखं आहे काय? तर म्हणतो, "ते तुम्ही सांगायचं."

आणि मी सांगितलं की! नवीन लग्न झालं तेव्हा हे कारखान्यात होते. रोज संध्याकाळी खिशात टाकाऊ बटणं घेऊन यायचे — एखादं भोक कमी, एखाद्याचा रंग फसलेला. त्यांची मी एक तोरणासारखी माळ केली होती. कित्येक वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. तो मान हलवत ऐकत राहिला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण परत येताना स्वतःचाच राग आला. गोड बोलून माणसाच्या पोटात शिरायची रीतच असते या लोकांची.

७ मार्च, शनिवार

पकडला! सकाळी जिन्यावर ओणवा होऊन वितीने पायरीची रुंदी मोजत होता. काय चाललंय म्हटलं, तर बेधडक — "हा जिना एकाला दाखवायचाय."

बस! आणखी काय कबुली हवी?

म्हटलं, खोली रिकामी करा, उद्या माणसं येणार आहेत. वाटलं, चिडेल, वाद घालेल. तर चेहरा असा उजळला! "अरे वा! लोक यायला लागले होय इथे?" लगेच पिशवी भरली. दुपारच्या बसने गेला. जाताना साधं चहाचंही विचारलं नाही मी. असल्यांना तसंच पाहिजे.

संध्याकाळी लॉज फारच रिकामं वाटलं. रोजच असतं म्हणा.

९ मार्च

भावजींना फोन लावला. म्हटलं, तुमचा माणूस हाकलला मी. तर विचारतात, "काय काय बघितलं त्याने?" मी सगळं सांगितलं — जिना, कारखाना, वितीने मोजणं. शेवटी हसले. "आणि फिरायला आलोय म्हणाला? अहो वहिनी, आपल्या गावात कोण हो येतंय फिरायला!"

फोन ठेवला. चार दिवस मीही तेच म्हणत होते. जो एक आला, तोही कोणीतरी धाडलेला. मग मी कोणासाठी रोज चादरी बदलतेय? कोणासाठी जिना पुसतेय? आज जिना पुसलाच नाही.

११ मार्च, बुधवार

सही केली.

१४ मार्च

सकाळी दारात एक बाई आणि एक काठी टेकत आलेले म्हातारे. बाई म्हणाल्या, "आमचे हे इथे राहून गेले. म्हणाले, गर्दी वाढायच्या आत जाऊन या. आणि हे माझे वडील. सुतार होते. त्यांना तुमचा जिना बघायचाय. पायरीवर पाऊल नीट बसेल, असं आमच्या यांनी मोजून सांगितलंय."

भावजींना फोन केला. म्हटलं, तो माणूस तुमचा नव्हता!

"मी कधी म्हटलं माझा म्हणून?" म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, वहिनी."