दुसरा अंतरा

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली. तुमच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा दुसरा अंतरा तुम्ही पडल्यापडल्या सांगितलात आणि मी उतरवून घेतला, असं मी लिहिलं. ते खरं नाही. तुम्ही शुद्धीत नव्हतात आणि संगीतकार दारात येऊन उभे होते, म्हणून तो मीच रचला. मात्रा मोजायला तुम्हीच शिकवल्यात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

मी गप्पच राहिले असते. पण परवा व्यसनमुक्ती केंद्रात तुम्ही हसत म्हणालात, "कारकूनबाई, तो अंतरा बाटलीनेच लिहिला गं! आता सहा महिने थेंब नाही, तर ओळही नाही. घरी आलो की एकच घोट घेऊन बघतो."

सांगितलं तर तुमचं गाणं हिसकावल्यासारखं होईल, नाही सांगितलं तर तुम्ही प्याल. मी तुम्हाला वाचवतेय की श्रेय मागतेय, हेही मला धड कळत नाही. हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही ते एकटेच वाचाल, याची भीती वाटते. शनिवारी तुम्हाला घरी सोडणार आहेत. त्याआधी भेटीच्या वेळेत समोर बसून सांगेन, गुरुवारी, चौदा तारखेला.

तुमची,
धाकटी