आत येण्याची विनंती

पावणे,
७ सप्टेंबर २०२५

ती. सुमित्राताईस,
शर्मिलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

दहावीचे रविवारचे जादा तास मी ऑनलाइन घेते. पाच वर्षं एकच लिंक वापरते म्हणून मुलं हसतात. नवी कशी करायची ते आमच्या शौनकने दोनदा शिकवलं. मी आपली वहीत उतरवलेली जुनीच पाठवते.

आता तिसरा रविवार, तास सुरू झाला की पडद्यावर येतं: तूबाला आत यायचं आहे. पत्र्याचं वर्कशॉप चालवणाऱ्या रज्जाकभाईंची तूबा, तेव्हा सहावीतली. लॉकडाउनात ते सगळे वर्कशॉपमध्येच राहत. तिचा माईक चालू राहायचा आणि मागून पत्रा ठोकल्याचा आवाज. वर्गातून काढायचं बटण मी तेव्हा नुकतंच शिकले होते. पहिल्यांदा तिच्यावर वापरलं. शाळा उघडली, ती परत आली नाही. मीही चौकशी केली नाही.

ती हयात आहे की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही. नाव दिसलं की बोटं गार पडतात. मी विनंती तशीच ठेवते आणि तासभर ते नाव कोपऱ्यात थांबतं. सोमवारी फळ्यापाशी उभी राहिले तरी दिसतं.

तुझी,
शर्मिला

उलवे,
११ सप्टेंबर

चि. शर्मिलास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चहा तसाच राहिला. भुताला लिंक लागत नाही, बाई. जिवंत पोरीलाच लागते.

जमिनी कारखान्यांना गेल्या तेव्हा आपले आबा म्हणाले होते, आता पोरींची शेती म्हणजे शाळा. त्या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं सभा गाजवल्या. शाळेचं दार लावणाऱ्यांना भर चौकात जाब विचारला. तेव्हा तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचीस. आज दार तुझ्या बोटाखाली आहे आणि तुला थंडी वाजते.

रविवारी तिला आत घे. मला शिव्या देत घे, पण घे. मग जेवायला ये, कोळणीकडून वाकट्या आणून ठेवते.

रागातही तुझीच,
ताई

पावणे,
१४ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.

घेतलं आत.

तूबाच होती. मोठी झाली आहे, आवाज आईसारखा, मेहरुन्निसाभाभींसारखा. भाभींच्या जुन्या मोबाइलात लिंक तेवढी उरली होती, माझा नंबर नव्हता. शेजारी राहणाऱ्या, माझ्या वर्गातल्या भाविकाकडून तासाची वेळ कळली, पण निरोप धाडायची लाज वाटली. तिला एवढंच विचारायचं होतं, की घरी अभ्यास करून थेट दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आपल्या शाळेत भरता येईल का.

ताई, उशिराची मुदतही परवा संपली. ती पहिल्यांदा आली तेव्हा तीन आठवडे हातात होते.

मुदत संपल्याचं मी तिला सांगितलं. हरकत नाही, पुढच्या वर्षी भरेन, म्हणाली. अठ्ठावीस मुलं ऐकत होती. मग तिने हळूच विचारलं, की बाई, तुमची तब्येत बरी नव्हती का. तीन रविवार आत घेतलं नाहीत, म्हणून काळजी वाटत होती.

मी हो म्हणाले.

जेवायला येत नाही. तुझा राग असाच राहू दे, कमी करू नकोस.

तुझी,
शर्मिला