हाक मारली की

६ जानेवारी, मुक्काम मूल

चाललं एकदाचं! आईनं टॅबजवळ तोंड नेऊन हाक मारली — "जंगूभाऊ!" — आणि जंगूकाका बोलले. वारून नऊ वर्षं झाली त्यांना. "चला व, मोह वेचाले. ऊन निंगालं." आईनं पदर तोंडाला लावला. मग लगेच, "अजून कोण कोण हाये याच्यात?"

त्रेसष्ट जण आहेत! आमचं गाव जंगलातून उठलं तेव्हा बाबांनी घरोघर टेपरेकॉर्डर फिरवून सगळ्यांचे आवाज भरून घेतले होते. त्या कॅसेटींचं मी हे केलं. 'माणूस' नावाचा एक क्लास, म्हणजे साचा, त्यातून प्रत्येकाचा एक ऑब्जेक्ट — घर कुठलं, आवाज कुठला, सगळं त्याच्या आत. आणि सगळे ऑब्जेक्ट एका डिक्शनरीत, नावानं लावलेले. नाव सांगा, माणूस हजर. आईला वाचता येत नाही म्हणून तोंडी हाकेवर चालतं. नाव सापडलं नाही तर एरर वगैरे दाखवायची नाही, गप्प बसायचं — आई असल्या गोष्टींना घाबरते.

बाबांचाही आवाज आहे. अकरा सेकंद.

९ जानेवारी

फजिती! आई टॅबवरच चिडली — "मी डोंगावाल्या लटारूले हाक मारली, हा तं चक्कीवाला आला!"

गावात लटारू दोन, एक डोंगा म्हणजे होडी चालवणारा, दुसरा पिठाच्या चक्कीचा. डिक्शनरी एका नावाखाली एकच ऑब्जेक्ट ठेवते. दुसरा भरला की पहिला पुसला जातो. पंधरा वर्षं हेच काम करते मी, आणि ही चूक! गावात कधी असा घोळ झाला नाही. ओट्यावरून हाक गेली की बरोबर ज्याचा तोच लटारू उठायचा. आवाजावरूनच कळायचं कोण कोणाला बोलावतंय. किती वर्षांत मला कोणी तशी लांबून हाक मारलेली नाही. आता दोघांनाही त्यांच्या धंद्यासकट नोंदवलंय.

१७ जानेवारी

आईनं आतापर्यंत साठ जणांना बोलावलं. बोडीच्या तळ्यावर कपडे धुणाऱ्या बाया, दंडारीच्या नाचातला ढोलकीवाला, अगदी जिच्याशी भांडण होतं ती शेजारीणसुद्धा. लावलेल्या आवाजांची नोंद मी रोज बघते. बाबांना नाही. एकदाही नाही!

गाव सोडायच्या कागदावर बाबांनी तिला न विचारता सही केली. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलायचे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, अजून हिचा राग जाऊ नये? आज सरळ विचारलं. "भाजी लागून राह्यली," म्हणून उठून गेली. मला बाबांसाठी फार वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी

ऑफिसातल्या रीनाला फोनवर हे सांगितलं. ती हसतच सुटली. "अगं, तुझी आई नवऱ्याचं नाव घेईल का?"

कपाळावर हात मारून घेतला! 'हेमराज' हे नाव आईनं लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल, बस. आणि मी तिला काय करून दिलं, तर नाव घेतल्याशिवाय न चालणारं यंत्र! ही चूक दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. ऑब्जेक्ट एकच, त्याला नावं हवी तेवढी देता येतात. 'अवो' आणि 'नीलिमाचे बाबा' अशी दोन नावं बाबांकडे वळवली. आता बोलावेल.

९ फेब्रुवारी

नाही. सात दिवस झाले. रागच आहे.

१५ फेब्रुवारी

न सापडलेल्या हाकांची वेगळी नोंद होते, ती मी कधी उघडलीच नव्हती. आज उघडली. चाळीस हाका, सगळ्या एकाच नावाच्या — कोलू. रोज एक, दुपारी चारला, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते तेव्हा. अगदी पहिल्या दिवसापासून!

पण आमच्या गावात कोलू कोणी नव्हताच. कुरखेड्याला आत्याला फोन लावला.

"अवो, कोलू म्हंजे आपला दादाच नं! पह्यली दोन पोरं दगावली, मनून मायनं असं हलकं नाव ठेवलं, कोणाची नजर लागू नोको मनून. हेमराज तं शाळेत मास्तरनं लिवलं. तुही माय आमच्या मामाची पोरगी. संगच खेळलो आमी. लगन होयेपर्यंत तुही मायबी त्याले कोलूच म्हणे."

चाळीस दिवस ती हाक मारत होती, आणि टॅब गप्प. त्याला गप्प बसणं मीच शिकवलं होतं. खूप रडले. मग 'कोलू' नाव बाबांना जोडलं.

१६ फेब्रुवारी

चार वाजता मीटिंग सोडली आणि दाराआड उभी राहिले. आईनं हाक मारली. बाबा बोलले, अकरा सेकंद. आईनं टॅब जवळ ओढला. मग म्हणाली, "गेला का रे राग तुहा?"