खोक्यातली सवत

१४ डिसेंबर

पडला! शेवटी पडलाच!

सांगत होते, बर्फ आहे, शिडी सरकेल, उद्या बांधू. ऐकेल तर तो एकेहार्ड कसला! "आज उणे आठ सांगितलंय, रोझी. उद्यापर्यंत कोण थांबणार?" पामच्या खोक्यावर झाकण बसवायला चढला आणि आला खाली — थेट दिव्यांच्या माळेवर. माळेचा चुरा, मांडीच्या हाडाचे दोन तुकडे.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना माझा हात धरला. वाटलं, बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आता तरी काही गोड बोलेल. म्हणाला, "झाकण नीट बसव हं. आणि नवी माळ लाव."

१६ डिसेंबर

ऑपरेशन झालं. हाडात सळई आहे. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न — "किती डिग्री?" नर्सला वाटलं, ताप विचारतोय.

१७ डिसेंबर

लावली माळ. बसवलं झाकण. बोटं बधिर झाली.

आपोल्डासारख्या गारठलेल्या जर्मन गावात पाम लावायची अवदसा ह्या माणसाला कुठून आठवली! दर हिवाळ्यात तिची पानं वर ओढून अंबाडा बांधायचा, बुंध्याशी ओकच्या वाळक्या पानांची गादी, भोवती लाकडी खोकं, आत दिवे. बावीस वर्षं! माझ्या गुडघ्यांना कधी कुणी गादी केली नाही. आणि एवढं करून वाढली किती? माझ्या डोक्याच्या वर वीतभर. गल्लीच्या टोकाला लोटार राहतो, ह्याच्याच पामवाल्या मंडळातला. त्याची छपराला टेकली. आमची सवत खाऊनपिऊन आहे तेवढीच!

माळ मात्र झकास मिळाली. एलईडी. वीज नावालाच खाते. ह्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही ते मला एका फेरीत सुचलं.

२४ डिसेंबर

एकटीने बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज खाल्लं. बाहेर खोकं लखलखतंय. झाडाचा नाताळ जोरात!

१९ जानेवारी

जखम चिघळली. पुन्हा कापलं. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडलाय, जेवत नाही. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमचं काम आम्ही केलं. उठायचं तर त्यांनाच आहे." मी घाबरले. घाबरले की मी ओरडते, तशी ओरडले त्याच्यावर.

२३ जानेवारी

आज उठून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईला म्हणाला, "फाटकापासून पामपर्यंत मी माझ्या पायांनी चालत जाणार. कुबड्या नकोत." ती म्हणाली, वा, असं काहीतरी डोळ्यांसमोर हवंच.

पामपर्यंत! बायको समोरच्या खुर्चीवर बसलीये, तिच्यापर्यंत नाही!

घरी येऊन पावलं मोजली. बासष्ट.

९ फेब्रुवारी

उणे सतरा. नळ गोठला. फोनवर — "दिवे लागलेत ना?" "लखलखताहेत!" "मग काळजी नाही."

२२ मार्च

खोकं उघडलं. लोटारला बोलावलं होतं. पानं तपकिरी, लोंबलेली. त्याने मधला कोंब दोन बोटांत धरून हलकेच ओढला. सबंध कोंब हातात आला! बुडाशी काळा गाळ, आणि काय ती घाण! कोंब असा सुटून आला की आतून गेलीच म्हणतात.

मग त्याला माळ दिसली. "अगं रोझी, ही कसली माळ? ही नुसती उजेड देते. ऊब कुठे आहे हिच्यात? जुने बल्ब लागतात, ते तापतात!"

"मग दिवे कशाला म्हणता? शेगडी म्हणा!" मी किंचाळले. तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

२३ मार्च

बावीस वर्षं मला वाटायचं, दिवे शोभेला आहेत. बहिणीला, मार्लीसला, चेष्टेने सांगायचे, माझा नवरा झाडाला नाताळ करतो. एका अक्षराने बोलला नाही हा माणूस! दिवे लाव म्हणाला, कशासाठी ते नाही. तोंड शिवलं होतं का? की बायको आहे, सांगून काय कळणार?

आणि मी तरी एकदा विचारलं का? तेही नाही. मारली मी. खोटं कशाला लिहू! रोज म्हणायचे मर एकदाची, आणि मेली.

आज तो चाळीस पावलं चालला म्हणे. आता त्याला काय सांगू?

३० मार्च

लोटार म्हणतो, "लाइपझिगच्या रस्त्यावर रोपवाटिका आहे, तिथे अगदी अशीच मिळेल. तो यायच्या आत बदलून टाक." फसवायचं म्हणजे! मी त्याला चांगलं झापलं. मग दुपारी जाऊन निवडून आले. किंचित मोठीच घेतली. चोरी करायची तर कंजुषी कशाला?

२ एप्रिल

मार्लीसचा फोन. ईस्टरला का येत नाहीस? कशी येऊ! दर वर्षी बॅग हाच भरतो, हाच स्टेशनवर सोडतो. "जा गं, दोन आठवडे बहिणीकडे राहा, घाई करू नकोस." मला घालवायची केवढी हौस! यंदा घालवायला कुणी नाही.

११ एप्रिल

लावली. रोपवाटिकेचा माणूस म्हणजे शुद्ध आगाऊ! मी पुढच्या दाराशी उभी, हा न विचारता मागच्या फाटकाने गाडी घेऊन आत, तो थेट खड्ड्यापाशी. माझी ट्यूलिप तुडवली. "तुम्हाला कुणी सांगितलं इथून या म्हणून?" तर म्हणे, "इथूनच सोपं पडतं." लोटार कॉफीच्या कपात तोंड घालून हसत होता. हसायला काय झालं?

जुनीचा बुंधा उचलून नेला तेव्हा रडू आलं. स्वतःचाच संताप आला.

२० मे

उद्या येतोय. आज सूपमध्ये दोनदा मीठ घातलं. ओळखलं तर? तिच्याकडे बघून परत भिंतीकडे तोंड केलं तर?

२१ मे

चालला. बासष्ट पावलं. कुबडी नाही. मी मागे हात पसरून चालत होते. त्याने बुंध्यावर हात फिरवला, वर बघितलं, खाली बघितलं.

"जुने बल्ब लावले नव्हतेस ना?"

मी मान डोलावली.

"असू दे. पण एवढी उंच का आणलीस, रोझी? खोक्यात मावायची नाही. मी नेहमी वीतभर बुटकी आणतो."

नेहमी!

मग बावीस वर्षं मी कितव्या सवतीशी भांडत होते?